विंडोज ठेवून शेजारी लिनक्स: ड्युअल बूटची नीट तयारी आणि नंतरच्या अडचणी

प्रश्न असा आहे: लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एकच एनव्हीएमई एसएसडी आहे आणि त्यावर विंडोज ११ आधीपासून आहे. काही कामांसाठी विंडोज लागतेच, पण रोजच्या वापराला उबुंटू हे लिनक्स हवे आहे. पहिल्या प्रयत्नात इन्स्टॉलरला एसएसडीच दिसली नाही. फर्मवेअरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रणालीत, काही बदल केल्यावर ती दिसली, पण मग विंडोज बिटलॉकरची, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करून कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीची, की मागत अडून बसले. सगळे पूर्ववत केले आहे. आता पहिल्यापासून नीट कसे करावे?

या दोन्ही अडचणींत लिनक्सच्या इन्स्टॉलरचा दोष नाही. एसएसडी दिसली नाही ती फर्मवेअरमधल्या स्टोरेज मोडमुळे. की मागितली गेली ती बिटलॉकर चालू असताना फर्मवेअरची सेटिंग बदलल्यामुळे. ड्युअल बूटचे बरेचसे काम पेनड्राइव्ह लावण्याआधी, विंडोजमध्ये बसून करायचे असते. खुद्द इन्स्टॉलेशन अर्ध्या तासात उरकते. तयारीसाठी मात्र एक निवांत संध्याकाळ राखून ठेवा आणि खालचा क्रम मोडू नका. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच द्यायच्या.

आधी संगणक कसा बूट होतो ते पाहा

विंडोजमध्ये विन आणि आर ही बटणे एकत्र दाबून ‘एमएसइन्फो३२’ चालवा. त्यात दोन ओळी बघायच्या: बायोस मोड आणि सिक्युअर बूट स्टेट (सिक्युअर बूट म्हणजे मान्य डिजिटल सही असलेलाच प्रोग्रॅम सुरुवातीला चालू देणारी फर्मवेअरची सोय). बायोस मोडपुढे यूईएफआय (नव्या प्रकारचे फर्मवेअर) असेल तर डिस्क जीपीटी या, पार्टिशनांची म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद ठेवण्याच्या नव्या पद्धतीची आहे आणि पुढचे सगळे तुम्हाला लागू आहे. विंडोज ११ बरोबर आलेल्या लॅपटॉपवर हेच दिसेल. जुन्या संगणकावर लेगसी दिसले तर डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची असते. अशा वेळी विंडोज १० आणि ११ मध्ये असलेल्या ‘एमबीआर२जीपीटी’ या साधनाने आधी ती जीपीटी करून घ्या, फर्मवेअर यूईएफआयवर आणा आणि मगच लिनक्सचा विचार करा. एक सिस्टिम लेगसीत आणि दुसरी यूईएफआयत टाकली, तर त्यांना एका मेनूत आणणे जवळपास अशक्य होते.

यूईएफआय संगणकात बूटची व्यवस्था तीन ठिकाणी वाटलेली असते. मदरबोर्डवरच्या स्मृतीत एक यादी असते: कुठल्या पार्टिशनवरची कुठली फाइल आधी चालवायची. डिस्कवर एक छोटे फॅट३२ पार्टिशन असते, त्याला ईएफआय सिस्टिम पार्टिशन म्हणतात. त्यात मायक्रोसॉफ्टचे एक फोल्डर, उबुंटूचे एक फोल्डर असे प्रत्येक सिस्टिमचे बूटलोडर, म्हणजे ती सुरू करून देणारे छोटे प्रोग्रॅम, शेजारी शेजारी राहतात. तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष सिस्टिम जिथे आहे ते मोठे पार्टिशन. हे चित्र डोक्यात पक्के असेल तर पुढे काहीही बिघडले तरी बिघाड या तिघांपैकी कुठे आहे ते लगेच कळते. यादीतला क्रम बदलला तर एका मिनिटात दुरुस्त होतो. बूटलोडरच्या फाइली गेल्या तर अर्धा तास लागतो. मोठे पार्टिशन गेले तर मात्र बॅकअपशिवाय काही हाती नसते.

म्हणून बॅकअप आधी. कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, आणि ८ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर विंडोज ११ चा इन्स्टॉलर मीडिया क्रिएशन टूलने तयार करून बाजूला ठेवा. लिनक्सची पेनड्राइव्ह वेगळी. एकाच पेनड्राइव्हवर भागवायला गेलात, तर नेमकी गरज पडेल तेव्हा विंडोज दुरुस्त करायला हाताशी काही नसेल.

बिटलॉकर: सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात

‘माझ्याकडे तर होम आवृत्ती आहे, त्यात बिटलॉकर नसतो’ हा समज सोडून द्या. होम आवृत्तीत तेच तंत्र डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने येते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून त्याच्या अटी सैल झाल्या आहेत, त्यामुळे नव्या इन्स्टॉलेशनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केले की ते आपोआप सुरू होते. बऱ्याच जणांना आपली डिस्क एन्क्रिप्ट आहे हे की मागणारा निळा पडदा समोर आल्यावरच कळते.

अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून टर्मिनल उघडा आणि ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ चालवा. कन्व्हर्जन स्टेटस आणि प्रोटेक्शन स्टेटस या दोन्ही ओळी वाचा. कधी कधी प्रोटेक्शन ऑफ दिसते, पण कन्व्हर्जनपुढे ‘यूज्ड स्पेस ओन्ली एन्क्रिप्टेड’ असे असते. याचा अर्थ डिस्क एन्क्रिप्ट झालेली आहे, फक्त कुलपाची किल्ली कुलपालाच लटकवून ठेवली आहे. विंडोजला ती वाचता येते. लिनक्सच्या इन्स्टॉलरला मात्र ते बिटलॉकर पार्टिशनच दिसते.

४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर मिळते. ती कागदावर लिहा किंवा फोनमध्ये फोटो काढून ठेवा, आणि कीचा आयडी संगणकावरच्या आयडीशी जुळतो का ते ताडून पाहा. एकाच खात्यात जुन्या लॅपटॉपच्याही कीज असतात, आणि घाईत चुकीची लिहून घेतली जाते. ही की हातात नसेल तर इथेच थांबा. पुढची एकही पायरी करू नका.

मग दोन मार्ग आहेत. घरातून न हलणारा संगणक असेल तर एन्क्रिप्शन पूर्ण बंद करणे सोपे पडते. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन ऑफ करायचे आणि डिक्रिप्शन १०० टक्के होईपर्यंत वाट पाहायची. लॅपटॉप पिशवीत घालून फिरणार असेल तर मी एन्क्रिप्शन ठेवायलाच सांगेन; चोरीला गेलेल्या लॅपटॉपमधला डेटा वाचवणारी दुसरी सोय नाही. अशा वेळी फर्मवेअरमधले काहीही बदलण्याआधी संरक्षण तात्पुरते थांबवायचे: ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी:’ आणि त्यापुढे ‘-आरसी ०’. हे शेवटचे शून्य दिले नाही तर एका रीस्टार्टनंतर संरक्षण आपोआप परत चालू होते, आणि दुसऱ्या रीस्टार्टला की मागितली जाते. सगळे मार्गी लागल्यावर ‘-इनेबल’ देऊन ते पुन्हा चालू करायला विसरू नका.

की मागितली का जाते, तेही समजून घ्या. टीपीएम ही किल्ल्या सांभाळणारी चिप प्रत्येक बूटच्या वेळी सिक्युअर बूटची स्थिती आणि बूटलोडरच्या सह्या यांची मोजणी ठेवते. मोजणी जुळली तरच ती किल्ली सोडते. सिक्युअर बूट बंद केले की मोजणी बदलते. ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरच्या मेनूतून विंडोज सुरू केले तरीही वाटेत शिम (ग्रबच्या आधी चालणारे छोटे बूटलोडर) आणि ग्रब आल्याने ती बदलू शकते. त्यामुळे एन्क्रिप्शन ठेवणाऱ्यांनी विंडोजमध्ये जाताना ग्रबऐवजी फर्मवेअरचाच बूट मेनू वापरावा. डेल, लेनोव्हो आणि एसर लॅपटॉपवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एक बटण जास्त दाबावे लागते, पण की टाइप करण्याची पाळी येत नाही.

फास्ट स्टार्टअप बंद करा, आणि बंद राहिले का ते पाहत जा

विंडोजमध्ये शटडाउन केले की संगणक पूर्ण बंद होतो असे वाटते. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर तसे होत नाही. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि ड्रायव्हर यांची स्थिती हायबरफिल या फाइलीत साठवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. त्या अवस्थेत सी ड्राइव्ह अर्धवट उघडा असतो. लिनक्समधून त्यात काही लिहिले आणि नंतर विंडोज आपल्या जुन्या आठवणीवर विसंबून पुढे गेले, की फाइल सिस्टिम खराब होते. म्हणूनच लिनक्स असा ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता जोडते किंवा जोडायलाच नकार देते. ‘फोर्स’ किंवा ‘रिमूव्ह-हायबरफाइल’ असे पर्याय सांगणारा सल्ला मिळाला तर तो पाळू नका. पहिल्याने डेटा धोक्यात येतो, दुसऱ्याने विंडोजमधले साठवलेले सत्र पुसले जाते.

‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ या आज्ञेने हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतात आणि हायबरफिलने अडवलेली काही जीबी जागाही सुटते. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर हे परत चालू झालेले आढळते, तेव्हा एकदा तपासा. लिनक्समध्ये वायफाय अचानक दिसेनासे झाले तर पहिला संशय इथेच घ्या. विंडोजने कार्ड अर्धवट झोपलेल्या अवस्थेत सोडलेले असू शकते. विंडोजमधून रीस्टार्ट देऊन लिनक्समध्ये या. रीस्टार्टला फास्ट स्टार्टअप लागू होत नाही, ते खरे पूर्ण बंद होणे असते.

फर्मवेअरमधले फास्ट बूट ही वेगळी गोष्ट आहे, नावावरून गोंधळू नका. तेही बंद करा, नाहीतर काही संगणक सुरू होताना यूएसबी तपासतच नाहीत आणि पेनड्राइव्ह बूट मेनूत येत नाही.

एसएसडी दिसत नाही तेव्हा

इंटेल प्रोसेसरच्या अनेक लॅपटॉपवर स्टोरेज मोड आरएसटी किंवा रेड (आर-ए-आय-डी) असा ठेवलेला असतो. या मोडमध्ये एनव्हीएमई डिस्क इंटेलच्या कंट्रोलरमागे लपते आणि लिनक्सला तिचा थेट पत्ता लागत नाही. नव्या पिढ्यांमध्ये याच जागी व्हीएमडी असते. व्हीएमडीचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये आहे, त्यामुळे आधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरच चालणाऱ्या लिनक्समधून (ती कशी बनवायची ते खाली आहे), बूट करून डिस्क दिसते का ते पाहा. दिसत असेल तर काहीच बदलू नका.

दिसत नसेल तर मोड एएचसीआय, म्हणजे डिस्क थेट दाखवणारा, करावा लागतो, पण तो सरळ बदलला तर विंडोज ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत सुरूच होत नाही. कारण विंडोजने एएचसीआय किंवा एनव्हीएमईचा स्वतःचा ड्रायव्हर बूटच्या वेळी चालू ठेवलेला नसतो. उपाय सेफ मोडचा आहे, कारण सेफ मोडमध्ये विंडोज सगळे मूळ ड्रायव्हर तपासते. ‘एमएसकॉन्फिग’ उघडा, बूट टॅबवर सेफ बूट आणि मिनिमल निवडा, रीस्टार्ट करून थेट फर्मवेअरमध्ये जा, मोड एएचसीआय करा आणि विंडोज सेफ मोडमध्ये उठू द्या. मग एमएसकॉन्फिगमधली खूण काढा आणि पुन्हा रीस्टार्ट करा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही, म्हणून खात्याचा मूळ पासवर्ड आधी आठवून ठेवा. बिटलॉकर थांबवलेला असायलाच हवा, हे वेगळे सांगायला नको. काही लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये हा मोड बदलण्याचा पर्याय सहजी दिसत नाही. अशा वेळी त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत शोधा.

जागा मोकळी करणे

विंडोजचे पार्टिशन विंडोजमधूनच लहान करा. बाहेरच्या साधनाने, तेही बिटलॉकरवाल्या पार्टिशनला हात लावू नका. डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी वर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. रकाना एमबीत असतो. १०० जीबी हवे असतील तर १०२४०० लिहा.

५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये साधारण ४७६ जीबी दिसते, ते मोजमापाच्या पद्धतीमुळे. लिनक्सला किती द्यावे? उबुंटू डेस्कटॉपसाठी किमान २५ जीबी सांगतात, पण ते सिस्टिम उभी राहण्यापुरते. स्नॅप, फ्लॅटपॅक, कंटेनर, जुनी कर्नल असे सगळे वर्षभरात साठते. ६० जीबीच्या खाली जाऊ नका, आणि रोजच्या वापराला १०० ते १५० जीबी द्या. विंडोजकडेही मोठ्या अपडेटसाठी ४०-५० जीबी रिकामी जागा उरू द्या.

इथली नेहमीची तक्रार: दोनशे जीबी रिकामे असूनही विंडोज फक्त पाच-दहा जीबी लहान करू देते. पार्टिशनच्या शेवटाकडे एखादी न हलणारी फाइल बसलेली असते. बहुधा ती पेजफाइल, हायबरफिल किंवा सिस्टिम रिस्टोअरच्या जुन्या प्रती. हायबरनेशन वर बंद केलेच आहे. पेजिंग फाइल तात्पुरती ‘नो पेजिंग फाइल’वर ठेवा, सिस्टिम प्रोटेक्शन बंद करा, रीस्टार्ट करा आणि पुन्हा प्रयत्न करा. तरी अडले तर इव्हेंट व्ह्यूअरच्या अॅप्लिकेशन नोंदींत २५९ क्रमांकाची नोंद शोधा. कुठल्या फाइलीमुळे अडले तिचे नाव त्यात असते. काम झाल्यावर पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन पुन्हा चालू करा. मोकळी झालेली जागा ‘अनअॅलोकेटेड’ अशीच सोडा. तिला ड्राइव्हचे अक्षर देऊ नका, फॉरमॅट करू नका.

सी च्या उजवीकडे रिकव्हरी पार्टिशन दिसेल. ते राहू द्या. ‘फक्त एक जीबीचे आहे, काढून टाकू’ असा विचार आला तर तो बाजूला सारा. विंडोज उठत नाही तेव्हा दुरुस्तीचा पडदा तिथूनच येतो.

पेनड्राइव्ह आणि सिक्युअर बूट

दीर्घ मुदतीची, म्हणजे एलटीएस आवृत्ती घ्या. उबुंटू २४.०४ ची आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) ६ जीबीच्या आसपास आहे, ८ जीबीची पेनड्राइव्ह पुरते. डाउनलोड झाल्यावर ‘सर्टयूटिल -हॅशफाइल’ पुढे फाइलचे नाव आणि ‘शा२५६’ देऊन आलेला आकडा वितरकाच्या आकड्याशी जुळवा. अर्धवट उतरलेल्या आयएसओमुळे इन्स्टॉलेशन सत्तर टक्क्यांवर थांबते, आणि दोष एसएसडीवर ढकलला जातो. रुफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅममध्ये जीपीटी आणि यूईएफआय निवडून पेनड्राइव्ह बनवा.

सिक्युअर बूट बंद करण्याची गरज बहुधा नसते. उबुंटू, फेडोरा, डेबियन, ओपनसूसे, लिनक्स मिंट यांचे शिम हे बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या सहीचे असते. आर्चला ही सोय आपणहून येत नाही. काही नव्या लॅपटॉपवर तिसऱ्या पक्षाची यूईएफआय सही मान्य करण्याचा पर्याय बंद असतो. पेनड्राइव्ह सिक्युअर बूटच्या नावाने नाकारली गेली तर फर्मवेअरच्या सिक्युरिटी पानावर तो शोधून चालू करा. हा बदलही बिटलॉकर थांबवूनच.

आधी ‘ट्राय उबुंटू’ निवडून लाइव्ह सत्रात दहा मिनिटे घालवा. वायफाय, आवाज, टचपॅड, पडद्याची प्रखरता, झाकण मिटून झोपवणे आणि उठवणे हे सगळे पाहा. एनव्हिडिया कार्डामुळे पडदा काळाच राहिला तर मेनूतला सेफ ग्राफिक्स पर्याय घ्या.

इन्स्टॉलेशन

भाषा, कीबोर्ड, वायफाय यांत सांगण्यासारखे काही नाही. खरा प्रश्न पार्टिशनच्या पानावर येतो. ‘विंडोजशेजारी इन्स्टॉल करा’ हा पर्याय दिसला आणि डिस्क एकच असली तर तो चांगले काम करतो. बिटलॉकर चालू असेल तर बऱ्याचदा तो दिसत नाही. तेव्हा मॅन्युअल पार्टिशनिंग घ्या. ‘इरेज डिस्क’ हा पर्याय कुठल्याही परिस्थितीत नको.

मॅन्युअलमध्ये मोकळ्या जागेवर एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमचे एकच पार्टिशन करा आणि माउंट पॉइंट, म्हणजे ते जोडायची जागा, म्हणून फक्त स्लॅश (/) द्या. होम (तुमच्या फाइलींचे फोल्डर) वेगळे करावे का, हा प्रश्न हमखास येतो. १०० जीबीत ते वेगळे करून एक बाजू भरते आणि दुसरी रिकामी पडते. वारंवार डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलणार असाल तरच वेगळे ठेवा. स्वॅपचे (रॅम अपुरी पडली की वापरायच्या जागेचे) पार्टिशनही नको, उबुंटू स्वॅपफाइल स्वतः बनवते. लिनक्समध्ये हायबरनेट करायचे असेल तर रॅमइतकी स्वॅप लागते, पण ड्युअल बूटच्या संगणकावर हायबरनेशन दोन्हीकडे टाळलेले बरे.

आता सर्वांत नाजूक जागा. विंडोजचे ईएफआय सिस्टिम पार्टिशन १०० किंवा २६० एमबीचे, फॅट३२ असे दिसेल. तेच /बूट/ईएफआय म्हणून वापरायचे आणि त्याच्यापुढची फॉरमॅटची खूण रिकामी ठेवायची. फॉरमॅट केलेत तर विंडोजचे बूटलोडर त्याच क्षणी जाते. काही इन्स्टॉलर हे पार्टिशन स्वतः निवडतात, तरी अंतिम सारांशाच्या पानावर फॉरमॅट होणाऱ्या पार्टिशनांची यादी वाचा. त्यात फक्त तुमचे नवे एक्स्ट४ असले पाहिजे.

१०० एमबी पुरतात का? ग्रब वापरणाऱ्या उबुंटू, मिंट, डेबियनला पुरतात, कारण कर्नल मुख्य पार्टिशनवर राहतात आणि ईएफआयमध्ये काही एमबीच जातात. सिस्टिमडी-बूट हे दुसरे बूटलोडर वापरणाऱ्या पॉप ओएससारख्या डिस्ट्रो मात्र कर्नलच तिथे ठेवतात. त्यांच्यासाठी मोकळ्या जागेत १ जीबीचे दुसरे ईएफआय पार्टिशन करा.

तिसऱ्या पक्षाचे ड्रायव्हर निवडलेत तर इन्स्टॉलर एक पासवर्ड मागतो. तो एकदाच लागतो, पण लागतोच. पहिल्या रीस्टार्टला मॉक (ड्रायव्हरवरची सही मान्य करण्याची तुमची किल्ली) मॅनेजमेंटचा निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत काही दाबले नाही तर निघून जातो. तिथे एनरोल मॉक निवडून तो पासवर्ड द्या. हे हुकले तर सिक्युअर बूटमुळे एनव्हिडियाचा ड्रायव्हर लोडच होत नाही, आणि लोक तो पुन्हा पुन्हा टाकत बसतात.

दोन डिस्क असतील तर मांडणी याहून सरस होते: विंडोज एकीवर, लिनक्स दुसरीवर, प्रत्येकीचे स्वतःचे ईएफआय पार्टिशन. एक सावधगिरी मात्र हवी. उबुंटूचा जुना इन्स्टॉलर तुम्ही कुठलीही डिस्क निवडा, बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएफआयमध्येच टाकत असे. इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क काढून ठेवा किंवा फर्मवेअरमधून बंद करा, म्हणजे शंकाच राहत नाही.

पहिल्या बूटनंतर

ग्रबच्या मेनूत विंडोज दिसत नसेल तर घाबरू नका. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारे ओएस-प्रोबर मुळात बंद ठेवले आहे. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलीत ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ टाका, यातले फॉल्स सोडून बाकी सगळे मोठ्या लिपीत. मग ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा.

उलटे झाले, म्हणजे मेनू न येता थेट विंडोजच सुरू झाले, तर फर्मवेअरच्या यादीत विंडोज बूट मॅनेजर वर गेलेला असतो. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतरही असे घडते. लिनक्स जागच्या जागी असते. फर्मवेअरमध्ये जाऊन उबुंटू वर घ्या. लिनक्समधून ‘ईएफआयबूटएमजीआर -ओ’ पुढे क्रमांक देऊनही तेच होते.

घड्याळ दर वेळी काही तास पुढे-मागे होते, कारण लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ धरते आणि विंडोज स्थानिक वेळ. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही लिनक्सला झुकवणारी आज्ञा लगेच काम करते. मला विंडोजला यूटीसी शिकवणे जास्त पटते: रजिस्ट्रीत करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टाइमझोन इन्फर्मेशन इथे ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ नावाची डीवर्ड किंमत करून १ द्या. दोन्ही उपाय एकदम केलेत तर घड्याळ उलट्या बाजूने चुकते.

दोन्हीकडून लागणाऱ्या फाइलींसाठी वेगळे एनटीएफएस पार्टिशन ठेवा आणि लिनक्समधून सी ड्राइव्हमध्ये लिहिणे टाळा. एक्सफॅटलाही दोन्ही ओळखतात, पण त्याला जर्नल (बदलांची आधी ठेवलेली नोंद) नसते. मध्येच वीज गेली तर नुकसान जास्त. स्टीमचे लिनक्समधले गेम एनटीएफएसवर ठेवू नका, कारण प्रोटॉन हे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारे साधन नावात अपूर्णविराम असलेली फोल्डर बनवते आणि विंडोजला तशी नावे चालत नाहीत. ब्लूटूथ हेडफोन एका सिस्टिममध्ये जोडला की दुसरीत तुटतो, तेही समजण्यासारखे आहे: अॅडॉप्टरचा पत्ता एकच, पण जोडणीची गुप्त किल्ली प्रत्येक सिस्टिमने वेगळी बनवलेली.

सह्यांचा विषय पुढेही येत राहील. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोज अपडेटने जुन्या शिमना मनाई करणारी नोंद फर्मवेअरमध्ये घातली, आणि अनेक ड्युअल बूट संगणकांवर लिनक्स ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणत बंद पडले. मार्ग असा होता: सिक्युअर बूट बंद करून लिनक्समध्ये जायचे, ‘सुडो मॉकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ चालवायचे, सगळी अपडेट घ्यायची आणि सिक्युअर बूट परत चालू करायचे. शिमवर सही करणाऱ्या २०११ च्या मायक्रोसॉफ्ट प्रमाणपत्राची मुदत जून २०२६ ची. मुदतीमुळे आधीचे शिम बंद पडत नाही, पण फक्त २०२३ च्या प्रमाणपत्राने सही झालेले पुढचे शिम चालायला ते प्रमाणपत्र फर्मवेअरमध्ये असावे लागते. विंडोज अपडेट आणि लिनक्समधले फर्मवेअर अपडेट करणारे एफडब्ल्यूयूपीडी यांना त्यांचे काम करू द्या, आणि दोन्ही सिस्टिम महिन्यातून एकदा तरी सुरू करून अपडेट करा. एक बाजू वर्षभर न उघडलेल्या संगणकावर असे प्रसंग जास्त येतात.

पुढे कधी लिनक्स काढायचे ठरले तर क्रम महत्त्वाचा. आधी फर्मवेअरमध्ये विंडोज बूट मॅनेजर वर घ्या आणि विंडोज सरळ सुरू होते याची खात्री करा. त्यानंतर डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचे पार्टिशन काढा. हा क्रम चुकला तर ‘ग्रब रेस्क्यू’ असा काळा पडदा येतो, कारण ग्रबचा मेनू त्या काढलेल्या पार्टिशनवर होता. तसे झाले तरी विंडोज शाबूत असते, बूट मेनूच्या बटणाने त्यात जाता येते. शेवटी अॅडमिनिस्ट्रेटर टर्मिनलमध्ये ‘माउंटव्हॉल एस: /एस’ देऊन ईएफआय पार्टिशन उघडा आणि त्यातले फक्त उबुंटूचे फोल्डर काढा. शेजारच्या मायक्रोसॉफ्ट आणि बूट या फोल्डरांना हात लावू नका. सी च्या उजवीकडे मोकळी झालेली जागा मग एक्सटेंड व्हॉल्यूमने परत जोडता येते.